हरवली आहे

मराठीतील 'हरवणे' हे क्रियापद दोन कामे करते. सामन्यात प्रतिस्पर्ध्याला हरवले जाते आणि बाजारात छत्री हरवते. शब्द तोच, एका ठिकाणी पराभव आणि दुसऱ्या ठिकाणी गहाळ होणे. 'सापडणे' या क्रियापदाची गतही तशीच आहे. किल्ली सापडते तेव्हा आनंद होतो. पण उंदीर सापळ्यात सापडतो आणि माणूस चोरांच्या तावडीत सापडतो, तेव्हाही आपण हाच शब्द वापरतो. शोधणाऱ्याचा आनंद आणि सापडणाऱ्याची धास्ती यांत भाषेने भेद केलेला नाही. तिसरा शब्द 'चुकणे'. गणित चुकते, गाडी चुकते आणि कळपातले वासरूही चुकते. गुराढोरांत वाढलेल्या जुन्या माणसांच्या तोंडी जनावर 'हरवत' नाही, ते 'चुकते'. या शब्दात एक दिलासा आहे : वाट चुकलेल्याला वाट पुन्हा सापडू शकते. चौथा शब्द मात्र अवघड. 'गेली' असे म्हटले की मराठी कानाला क्षणभर एकच अर्थ ऐकू येतो, आणि तो ऐकवण्याची कोणाचीच तयारी नसते.

हे चार शब्द आम्ही अनेक वर्षे वर्गात अर्थच्छटा म्हणून शिकवीत आलो आहोत. त्यांतील प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर पडण्यापूर्वी तोलावा लागतो, हा अनुभव मात्र आम्हाला २०२३ च्या दिवाळीने दिला. पाळलेले जनावर नाहीसे झाले तर काय करावे, या प्रश्नाची व्यावहारिक उत्तरे बरीच आहेत आणि त्यांतील उपयोगाची या लेखात पुढे येतीलच. पण ती कामे करताना आमच्या लक्षात असे आले की हा शोध पायांइतकाच भाषेने घ्यावा लागतो. आणि तिथे मराठीच्या दोन पदव्युत्तर पदव्या असलेल्या घरात ज्यांचे शब्द उपयोगी पडले, त्या व्यक्तीचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते.

आम्ही दोघे पती-पत्नी सांगलीत राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरात तिसऱ्या आई. (आमच्यापैकी एकाची ती आई आणि दुसरीच्या त्या सासूबाई, लेख दोघांचा असल्याने येथे आदरार्थी बहुवचन योजले आहे.) चौथी ठमी. ठमी हे मांजर. पांढरा, काळा आणि तांबूस अशा तीन रंगांचे, पाच वर्षांचे. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी लक्ष्मीपूजन होते. रात्री साडेआठच्या सुमारास गल्लीत फटाक्यांची मोठी माळ लागली, ती संपेपर्यंत कोणाला काही ऐकू येत नव्हते, आणि ती संपल्यावर ठमी कुठेही नव्हती.

पहिल्या दिवशी करावयाच्या कामांत हस्तपत्रक लिहिणे हे एक काम असते. आम्ही ते सकाळीच लिहावयास घेतले. पहिल्या खर्ड्यात 'अत्यंत लाघवी', 'माणसाळलेली', 'बोलक्या डोळ्यांची' अशी विशेषणे आली. आम्ही एकमेकांचे शब्द खोडले, वाक्ये आटोपशीर केली आणि तयार झालेला मजकूर आईंना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "ह्यातलं रस्त्यावरच्या माणसाला काय दिसणार?"

प्रश्न रोखठोक होता. लाघवीपणा रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. घाबरलेले मांजर कोणाशीही लाघवीपणे वागत नाही. ते गाडीखाली दबून बसते आणि हात पुढे करणाऱ्याला ओरबाडते. 'ठमी' हे नाव तर केवळ आमच्या घरात खरे होते. जी माहिती आम्हाला सर्वांत जवळची होती, ती शोधाच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी होती. आई पुढे म्हणाल्या, "रंग पण नुसता सांगू नका. रंग निम्म्या गावाचा सारखाच असतोय. खूण सांगा."

मग त्यांनी सांगितले आणि आम्ही लिहून घेतले. उजव्या कानाच्या टोकाला लहानसा कात्रा. नाकाच्या डाव्या बाजूला तांबूस ठिपका, उजवी बाजू काळी. शेपूट काळे, टोकाला बोटाच्या पेराएवढे पांढरे. पोट संपूर्ण पांढरे. मागचा डावा पाय बसताना थोडा बाहेर टाकते. एकाही ओळीत प्रेम नव्हते, आणि ते वाचून ठमी प्रथमच डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहिली. वर्णनाचा पाठ शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना 'नेमके लिहा' असे सांगत असतो. नेमकेपणाला एवढी माया लागते, आणि ती विशेषणांत न उतरता निरीक्षणात साठलेली असते, हे कोणत्याही समीक्षाग्रंथापेक्षा आईंच्या त्या पाच ओळींनी आम्हाला अधिक स्पष्टपणे सांगितले.

हे ज्ञान त्यांच्याकडे कुठून आले, हेही त्या ओघात कळले. आईंचे माहेर आटपाडीच्या बाजूचे, दुष्काळी मुलखातले. त्या भागातील खरसुंडीची जनावरांची यात्रा प्रसिद्ध आहे. खिलार जनावरांसाठी दूरदूरचे शेतकरी तेथे येतात. आईंच्या लहानपणी त्यांच्या वडिलांचा एक खोंड या यात्रेतून परतताना चुकला. खिलार जनावरे बहुतेक पांढरीच, त्यामुळे 'पांढरा खोंड पाहिलात का?' असे विचारण्यात काही हशील नव्हते. वडील गावोगाव फिरले आणि प्रत्येक ठिकाणी दोन खुणा सांगत गेले : डाव्या शिंगाला आतल्या बाजूने चीर आहे, आणि कपाळावर भोवरा एका बाजूला सरकलेला आहे. तिसरी खूण त्यांनी कोणालाही सांगितली नाही. महिन्याभराने खोंड एका वस्तीवर मिळाला. तिथल्या माणसाने 'हा तुमचाच कशावरून?' असे विचारले, तेव्हा वडिलांनी ती राखून ठेवलेली खूण सांगितली. मागच्या खुराच्या बेचक्यात बारीक मस होता. पाय उचलून पाहिला, आणि वाद तिथेच मिटला.

जनावरांच्या रंगांसाठी मराठीत केवढी संपत्ती आहे! ढवळा, पवळा, तांबडा, कबरा, बांडा. गायींत हरणी आणि कपिला. शिंगे नसतील तर भुंडी. यांतील पुष्कळसे शब्द आज विद्यार्थ्यांना टीपा देऊन समजावावे लागतात. आम्ही त्यांच्याकडे आजवर ग्रामीण साहित्यातील बोलीचे सौंदर्य म्हणून पाहत आलो. हे शब्द मुळात ओळख पटवण्यासाठी घडलेले आहेत, त्यांच्यामागे जनावर चुकण्याची भीती आणि ते परत मिळवण्याची गरज उभी आहे, ही बाजू आमच्या शिकवण्यात कधी आली नव्हती.

कायद्यालाही वर्णनाची ही गरज ठाऊक होती. १८७१ साली इंग्रज सरकारने जनावरांच्या अतिक्रमणाविषयीचा कायदा केला. गावोगावचे कोंडवाडे या कायद्याखाली चालत. (दया पवारांच्या १९७४ सालच्या कवितासंग्रहाचे नाव 'कोंडवाडा' आहे, हा शब्द तिथे किती वेगळे ओझे वाहतो, हे वाचकांना सांगावयास नको.) कोंडलेले जनावर सात दिवसांत कोणी सोडवून नेले नाही, तर कोंडवाड्याच्या रखवालदाराने पोलीस ठाण्याला कळवायचे, ठाण्याने जनावरांची संख्या, वर्णन, ती कुठे पकडली आणि कुठे कोंडली हे लिहून नोटीस लावायची, आणि गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, असे त्यात सांगितले आहे. आणखी सात दिवस वाट पाहून मग लिलाव. या कायद्यातील जनावरांच्या यादीत हत्ती आहे, उंट आहे, घोडे, गाढवे, डुकरे, मेंढ्या आणि करडेसुद्धा आहेत. मांजर नाही आणि कुत्राही नाही. ज्याची बाजारात किंमत होते आणि जे शेतात नुकसान करते, त्याच्यासाठी दवंडी. मांजराच्या वाट्याला घरच्या माणसांचा आवाज तेवढा.

तेव्हा तो आवाज कुठे आणि कसा लावायचा, हा पुढचा प्रश्न. यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतील २०१२ च्या एका पाहणीत हजाराहून अधिक कुटुंबांना प्रश्न विचारले गेले. हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के आणि मांजरांपैकी ७५ टक्के परत मिळाल्याचे तीत आढळले. मांजरांविषयीचा अधिक तपशीलवार अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,२१० हरवलेल्या मांजरांची माहिती गोळा केली होती. सुमारे एक तृतीयांश मांजरे पहिल्या सात दिवसांत मिळाली, वर्षभरात ६१ टक्के मिळाली, आणि मिळालेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरे जिथून नाहीशी झाली तिथून ५०० मीटरांच्या आतच होती. नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडलेली मांजरे फार थोडी.

या आकड्यांचा अर्थ आपल्या म्हणींनी आधीच सांगून ठेवला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. घाबरलेले मांजर सहसा दूर पळत नाही; जवळच्या जवळ दडते आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही, कारण भीतीच्या वेळी गप्प राहणे हाच त्याच्या जातीचा बचाव आहे. म्हणून दुचाकीवरून शहरभर फिरण्यापेक्षा घराभोवतीचा अर्धा किलोमीटर इंचाइंचाने पाहणे अधिक फलदायी. तोही केवळ दिवसा पाहून भागत नाही. रात्री रहदारी थांबल्यावर, विजेरी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर धरून, जमिनीलगत आणि भिंतींच्या कडेने प्रकाश फिरवावा. मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा असतो. शरीर दिसले नाही तरी डोळे चमकतात. शेजाऱ्यांना 'मांजर दिसले का?' असे नुसते विचारून थांबू नये. गॅरेज, जिन्याखालची अडगळ, गच्चीवरील टाकीची खोली आणि बांधकामाचे साहित्य ठेवलेली जागा एकदा उघडून पाहू देण्याची विनंती करावी. सणात गावाला गेलेल्यांची बंद घरे तर विसरूच नयेत. पशुवैद्यांकडे, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे आणि महानगरपालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांकडे पत्रक द्यावे. पहाटे रस्ता झाडणाऱ्या माणसांइतके शहर कोणीच पाहत नाही.

आम्हाला दिवाळीची सुट्टी होती. पहिले सात दिवस आम्ही रात्री अकरा ते एक आणि पहाटे पाच ते सहा असे फिरलो. ज्या गल्लीत आम्ही चौदा वर्षे राहतो, तिच्यात शहाऐंशी दारे आहेत हे आम्हाला त्या आठवड्यात कळले. त्यांतील निम्म्याहून अधिक दारांमागची माणसे आम्ही प्रथमच पाहिली. एका बंगल्यात एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ रोज रात्री आमच्यासाठी फाटकाचा दिवा चालू ठेवू लागले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने पत्रक टपरीला चिकटवले आणि येणाऱ्या प्रत्येकाला खुणा पाठ म्हणून दाखवू लागला. एका शिकवणीच्या मुलांनी जिन्याखालून एक मांजर पकडून आणले. ते ठमी नव्हते, पण पलीकडच्या गल्लीतील एका कुटुंबाचे निघाले, आणि त्या घरातील लहान मुलीचा आनंद पाहून आम्ही परतलो तेव्हा आमच्यापैकी कोणीच बराच वेळ बोलले नाही.

पत्रकावरील क्रमांकावर फोन येऊ लागले. बहुतेक सद्भावनेचे. एकाने तीनरंगी बोका पाहिल्याचे कळवले. तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. नारिंगी रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे काळा आणि नारिंगी हे दोन्ही रंग अंगावर वागवायला सहसा दोन एक्स गुणसूत्रे लागतात. तरीही आम्ही गेलो, कारण अंधारात धावणाऱ्या मांजराचे लिंग ओळखण्याची अपेक्षा कोणाकडून करावी? ते मांजर खरोखर बोका होते, आणि दोनच रंगांचे.

एक फोन मात्र निराळा होता. मांजर आपल्याकडे आहे, औषधपाण्याचा खर्च झाला आहे, तो आधी मोबाइलवरून पाठवा, मग पत्ता सांगतो, असे पलीकडचा आवाज म्हणत होता. पत्रकातील सर्व खुणा त्याने बरोबर सांगितल्या. त्या वेळी आईंच्या वडिलांचा खोंड आमच्या मदतीला आला. ठमीच्या पंजांच्या गाद्या काळ्या होत्या. पुढच्या उजव्या पंजाची एकच गादी गुलाबी होती. ही खूण आम्ही पत्रकात घातली नव्हती. आम्ही विचारले, "पुढच्या पंजांचा तळ कसा आहे?" आवाज थोडा थांबला आणि म्हणाला, "सगळा गुलाबी." आम्ही फोन ठेवला. अशा प्रसंगी पाळावयाचा नियम साधा आहे : जनावर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, आणि एक खूण नेहमी आपल्यापाशी राखून ठेवावी.

दिवस वाढत गेले तसे एक पुस्तक आठवू लागले. जपानी लेखक उचिदा ह्याक्केन (१८८९–१९७१) हे काही काळ टोकिओत विद्यापीठात जर्मन शिकवीत. मार्च १९५७ मध्ये त्यांचे नोरा नावाचे मांजर घरातून निघाले आणि परतले नाही. हे नाव इब्सेनच्या घर सोडून जाणाऱ्या नायिकेवरून ठेवलेले नव्हते. भटक्या मांजराला जपानीत 'नोरानेको' म्हणतात, त्यातले हे 'नोरा'. साठी उलटलेल्या या लेखकाने वृत्तपत्रात जाहिरात दिली, पत्रके वाटली, परिसरात राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी इंग्रजीतही पत्रक काढले, आणि रोज काय झाले ते लिहून ठेवले. त्याचेच 'नोराया' हे पुस्तक झाले. नोरा कधीच मिळाले नाही.

ह्याक्केन हे नात्सुमे सोसेकींचे शिष्य. सोसेकींनी १९०५–०६ मध्ये एका मांजराला निवेदक करून कादंबरी लिहिली, ती जगभर वाचली गेली. ज्या मांजरावरून ती सुचली, ते १९०८ साली मरण पावले, तेव्हा सोसेकींनी आपल्या शिष्यांना पोस्टकार्डे पाठवून ते वृत्त कळवले. गुरू आणि शिष्य, दोघांच्याही घरातले मांजर नाहीसे झाले. पण गुरूला पोस्टकार्ड लिहिता आले. त्यावर तारीख घालता आली. शिष्याला जी तारीख ठाऊक होती ती केवळ निघून जाण्याची. जे मेले आहे त्याचे पत्र लिहिता येते. जे परतलेले नाही त्याची रोजनिशीच लिहावी लागते.

अकिरा कुरोसावा यांचा अखेरचा चित्रपट 'मादादायो' (१९९३) याच ह्याक्केनवर आहे. त्यात वृद्ध प्राध्यापकाचे मांजर हरवते आणि जुने विद्यार्थी, जे आता पोक्त झाले आहेत, ते शोधायला बाहेर पडतात. विद्यार्थी शिक्षकासाठी काय करू शकतात याचे इतके साधे चित्र आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. 'मादादायो' हा लपाछपीतला शब्द आहे. राज्य असलेला गडी विचारतो, 'झाले का?' आणि लपणारा ओरडतो, 'अजून नाही!' चित्रपटात दरवर्षी विद्यार्थी आपल्या शिक्षकाला हाच प्रश्न गमतीने विचारतात, मृत्यूला उद्देशून. आणि ते पेला रिता करून उत्तर देतात, अजून नाही.

हे दोन शब्द आमच्या घरात रोज उच्चारले जात होते. आई सकाळी उठल्या की विचारीत, "आली का?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्या शब्दांत द्यायचे? 'नाही' म्हणणे खरे होते, पण पुरेसे नव्हते. 'हरवली' म्हटले की आपण हरल्यासारखे वाटे. 'गेली' म्हणण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही नव्हता. 'येईल' हे आश्वासन देण्यासारखे आमच्या हाती काही नव्हते, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला खोटा धीर देणे म्हणजे त्यांच्या शहाणपणाचा अपमान. उरले ते 'अजून नाही'. त्यात वस्तुस्थितीही होती आणि दारही उघडे होते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात अशा दुःखाला एक नाव दिले. मराठीत त्याला 'संदिग्ध वियोग' म्हणता येईल. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना ही कल्पना सुचली. माणूस आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर शोक सुरू करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. एका मांजराचे नाव त्या कुटुंबांच्या दुःखाशेजारी ठेवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण दुःखाची मोजमापे वेगळी असली तरी त्याची घडण सारखी असू शकते. 'मांजरच तर होते' असे आम्हाला सांगणारे लोक वाईट नव्हते. ते दुःखाचे माप सांगत होते, आणि आम्ही त्याच्या घडणीत अडकलो होतो. पोळी करताना पहिला तुकडा बाजूला काढणारा हात, दार लोटताना खाली पाहणारी नजर, रात्री कौलांवर पाऊल वाजले की थांबणारे संभाषण, या सवयींना उत्तर हवे असते आणि ते देणारा कोणी नसतो.

मग शोध थांबवायचा कधी? १० फेब्रुवारी २०२४ ला नव्वद दिवस पूर्ण झाले. आकडेवारीचा सल्ला स्पष्ट होता. आम्ही त्यावर बरेच बोललो आणि निर्णय होईना. एकाला वाटे, पत्रके भिंतीवर ठेवणे म्हणजे स्वतःची फसवणूक; दुसरीला वाटे, ती काढणे म्हणजे आपल्या हातांनी निकाल लिहिणे. या वेळीही आईच बोलल्या. त्यांच्या वडिलांचे आणखी एक जनावर चुकले होते, एक कालवड, आणि ती परत मिळाली नव्हती. त्यांनी तिचे दावे खुंट्याला तसेच राहू दिले. पुढचे बेंदूर आले, तेव्हा ते दावे त्यांनी धुतले आणि नव्या वासराच्या गळ्यात घातले. "मग आजोबांनी तिला शोधायचं सोडलं का?" आम्ही विचारले. "सोडलं कुठं? बाजारात गेले की नजर फिरायचीच," आई म्हणाल्या. "पण दावं किती दिस मोकळं ठिवायचं?"

आम्ही बेंदरापर्यंत थांबलो. तोवर जून-जुलैच्या पावसाने बहुतेक कागद आपणहून उतरवले होते. उरलेली पत्रके आम्ही काढली, ज्यांनी दारावर जागा दिली होती त्यांचे आभार मानले, आणि ठमीची वाटी धुऊन जिन्याजवळ ठेवली. तिथे आता एक करड्या रंगाची भाटी येते. ती आमची आहे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही. भाजीबाजारात गेलो की आमची नजर फिरतेच.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात आज एखादे जनावर पायांशी झोपलेले असेल, त्यांना आमची एक विनंती आहे. मानेच्या त्वचेखाली बसवतात ती चिप जरूर बसवून घ्यावी, मात्र तिच्याकडून मार्ग दाखवण्याची अपेक्षा ठेवू नये. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो आणि कोणी यंत्राने तो वाचला तरच त्याचा उपयोग. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहावा. मांजराचा गळपट्टा ताण पडताच सुटणारा असावा. छायाचित्रे काढावीत, दोन्ही कुशींची आणि शेपटासह. पण त्याहीआधी एक कागद घेऊन बसावे आणि जनावराकडे पाहत त्याच्या खुणा लिहून काढाव्यात. विशेषणे नकोत. कान कसे आहेत, पंजांचे तळ कसे आहेत, बसते कसे, उठते कसे. अर्धा तास लागेल. आम्ही आता पहिल्या वर्षाच्या वर्गाला हाच अभ्यास देतो : घरातील एका जिवाचे असे वर्णन करा, की ज्याने त्याला कधी पाहिलेले नाही अशा माणसाने ते वाचून त्याला रस्त्यात ओळखावे. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीने विचारले, जनावराऐवजी माणसाचे लिहिले तर चालेल का? तिने आपल्या आजोबांचे लिहिले. त्यात त्यांच्या स्वभावाविषयी एकही शब्द नव्हता. हातावरची खूण होती, चप्पल एका बाजूने झिजण्याची पद्धत होती, रस्ता ओलांडण्यापूर्वी दोनदा थांबणे होते. आजोबांना अलीकडे घरचा रस्ता आठवत नाही, हे तिने तास संपल्यावर सांगितले. तो कागद तिने आमच्याकडे तपासायला दिला नाही. घरी न्यायचा आहे, म्हणाली.